सरपण, स्त्री आणि शांतता

सुदानच्या दारफुर प्रांतात २००३ साली यादवी भडकली आणि लक्षावधी माणसे गावे सोडून छावण्यांत आली. तेथे मदतीचे धान्य मिळाले. ते शिजविण्यास लागणारे सरपण मात्र स्त्रियांनीच आणावयाचे होते. मुळात विरळ असलेली झाडी छावण्यांभोवती नाहीशी होत गेली, तशी ही पायपीट लांबत गेली आणि वाटेवरील सशस्त्र टोळ्यांच्या अत्याचाराचे भयही वाढले. पुरुष का जात नाहीत, या प्रश्नाचे उत्तर सुन्न करणारे होते: पुरुष गेले तर ठार मारले जातात.

मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ २००५ मध्ये तेथे गेले. अमेरिकेतील बर्कले येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी चूल सिद्ध केली, तिला तीन दगडांच्या चुलीच्या निम्म्याहून कमी लाकूड पुरते. तिचे पत्रे मुंबईत कापले जात व जोडणी अल-फाशर शहरात होई. ‘असिदा’ घोटताना चूल डळमळू नये, वाऱ्याने जाळ विझू नये, हे तेथील स्त्रियांचा स्वयंपाक पाहूनच ठरले. आपल्याकडेही १९८० च्या दशकात निर्धूर चुलींची मोहीम निघाली होती. गृहिणीला न विचारता बांधलेल्या कित्येक चुली पुढे वापरातून गेल्या, हे येथे आठवावे.

युद्ध पेटले असता समानतेची चर्चा ही चैन होय, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. निम्मे सरपण म्हणजे जशी वाचलेली झाडे, तशाच टळलेल्या जीवघेण्या खेपा. परंतु चुलीपुरते स्त्रीचे मत घेणे पुरेसे नाही. बंधारा कोठे घालावा, झाडे कोठे लावावीत, पाणी कोणास मिळावे, हे ठरविणाऱ्या बैठकीत तिला जागा हवी. शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २००० सालच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावात म्हटले. जेथे पाणी आणि जमीन हीच कलहाची कारणे होतात, तेथे हे तत्त्व पाण्याला व वनाला लागू नाही, असे कोण म्हणेल?

एप्रिल २०२३ मध्ये सुदानात पुन्हा युद्ध पेटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-फाशर निमलष्करी दलाच्या हाती पडले. चूल बंदूक थांबवू शकत नाही, हे कटू सत्य आहे. पण कधीतरी ही कुटुंबे उजाड गावांत परततील, तेव्हा तेथील पहिली मोळी पुन्हा स्त्रीच्याच डोक्यावर असेल. तो भार जी वाहते, तिच्यावाचून पुनर्वसनाचा आराखडा आखणे हा केवळ अन्याय नव्हे, तो अव्यवहारही ठरेल.