कितीवर ठेवू? पिकअपच्या मीटरचा तीस वर्षांचा मागोवा

आमच्या घरात डिझेलची वही १९९४ पासून आहे. अण्णांनी पहिली पिकअप घेतली त्याच आठवड्यात औरंगाबादच्या गुलमंडीवरून लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि पहिल्या पानावर तीन रकाने आखले. तारीख, लिटर आणि मीटरवरचा आकडा. टाकी भरली की वही उघडायची, हा नियम त्यांनी ड्रायव्हरला लावला, मला लावला, स्वतः कधी मोडला नाही. आज कपाटात अशा नऊ वह्या आहेत. त्या चाळताना तीन ठिकाणी आकड्यांची साखळी तुटलेली दिसते आणि तिथे समासात एकच शब्द आहे, 'मीटर'. एकदा अण्णांच्या अक्षरात, दोनदा माझ्या.

पहिली गाडी टाटाची २०७. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं त्याच्या आजूबाजूला उभी राहिली. चिकलठाण्याहून वाळूजला दिवसातून दोन-तीन खेपा करायला ट्रक परवडत नव्हता आणि रिक्षात माल मावत नव्हता. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ साली टाटामोबाइल आणली आणि ही मधली जागा भरून निघाली. आठवडाभर आम्ही कारखान्यांचा माल ओढायचो, हंगामात पाचोडची मोसंबी.

त्या गाडीचा मीटर समजायला सोपा होता. गिअरबॉक्समधून एक केबल निघून डॅशबोर्डच्या मागे यायची. चाकांबरोबर ती फिरायची आणि मीटरमधलं लोहचुंबक फिरवायची. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा, काट्याला केसाएवढी स्प्रिंग. चुंबक वाटीला शिवत नाही, तरी फिरताना तिला ओढतं आणि स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. जर्मनीच्या ओटो शुल्झेने १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं आणि नव्वद वर्षांनी वाळूजच्या रस्त्यावर आमची गाडी त्याच तत्त्वावर वेग दाखवत होती. केबलला पीळ बसला की काटा थरथरायचा आणि डॅशबोर्डातून कुटकुट आवाज यायचा. केबल बाहेर ओढायची, ग्रीस लावायचं, परत सरकवायची. ग्रीस जास्त झालं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढायचं, म्हणून ते बोटाच्या टोकावर मावेल एवढंच घ्यायचं.

पहिला 'मीटर' १९९९ च्या पावसाळ्यातला. कित्येक महिने डिझेलचा आणि हीटचा, दोन्ही काटे जरा वरच असायचे. टाकी अर्धी असताना पाऊण दाखवायची, इंजिन थंड असताना गरम. ड्रायव्हरला सवय झाली, आम्हालाही. मग कन्नडच्या घाटात मक्याची पोती घेऊन चढताना रेडिएटरचा पाइप फुटला. हीटचा काटा रोजच्यासारखाच वर होता, त्यामुळे कुणी बघितलंच नाही. बॉनेटमधून वाफ आली तोवर हेड गॅस्केट गेलं होतं. खोट्या काट्यापेक्षा बंद काटा बरा, हे आम्हाला त्या घाटाने शिकवलं. बंद काट्यावर कुणी विसंबत नाही.

अण्णांनी रागारागाने अख्खा मीटर बदलायला सांगितला. ज्याने बदलला त्याने तासाभरात नवा बसवून दिला. घरी येईपर्यंत नव्या मीटरचेही दोन्ही काटे वर. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी मीटरला हातही लावला नाही. डॅशबोर्डखाली डोकं घालून टेस्ट लॅम्पने एक वायर तपासली, गंजलेला स्क्रू काढला, पत्रा घासून चकचकीत केला आणि स्क्रू परत आवळला. दोन्ही काटे जागेवर आले. "अण्णा, पैले अर्थ देखना था ना," एवढंच म्हणाले. मीटरच्या मागे एक लहान डबी असते. बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तरी ती डिझेलच्या आणि हीटच्या काट्याला सारखा दाब देते. तिचा अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी, तुटला की पूर्ण दाब काट्यांवर जातो आणि दोन्ही एकदम वर सरकतात. एकच काटा चुकला तर दोष त्याच्या सेन्सरमध्ये किंवा टाकीतल्या फ्लोटमध्ये शोधावा. दोन्ही एकत्र चुकले तर आधी अर्थ बघावा. हे माहीत असतं तर तो जुना मीटर निघालाच नसता.

उस्तादांनीच आणखी एक चूक पकडली. नव्या मीटरमध्ये चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब बसलेलाच नव्हता. त्या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहावरच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब नसेल तर बॅटरी चार्ज व्हायला लागत नाही आणि चार दिवसांनी गाडी धक्का मारून चालू करावी लागते. मीटर बदलून आणल्यावर चावी फिरवून सगळे दिवे एकदा लागतात का हे बघायची सवय मला त्या दिवसापासून आहे.

नवा मीटर शून्यावर आला होता. जुना पाच आकडी. ९९,९९९ नंतर तोही आपणहून शून्यावर जायचा आणि आमचा एकदा जाऊन आला होता. म्हणजे गाडी खरी किती चालली हे मीटरला नव्हे, फक्त वहीला माहीत होतं. अण्णांनी त्या पानावर दोन्ही मीटरचे आकडे लिहिले, फिरून आलेले एक लाख त्यात मिळवले, बेरीज केली आणि खाली सही केली. स्वतःच्याच वहीत सही कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुसरी पिकअप २०११ ची. तिला केबल नव्हती. गिअरबॉक्सवर सेन्सर, त्यातून विजेचे ठोके, ते मोजणारा सर्किट बोर्ड, काट्यामागे नखाएवढी मोटर. किलोमीटरचा आकडा मीटरमधल्या चाकांवर छापलेला नव्हता, तो एका चिपमध्ये साठवलेला. आमच्या भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवू देत नाही. पाच वर्षांत पडद्यावरचे आकडे आधी फिके झाले, मग अर्धे दिसेनासे. काटा साठवर अडकायचा आणि चावी बंद केल्यावरही तिथेच राहायचा.

नवा मीटर महाग होता. मी अपघातात गेलेल्या तशाच गाडीचा मीटर भंगारातून आणला. त्यावर ४१ हजार किलोमीटर होते आणि आमची गाडी २ लाख १३ हजार चाललेली. उस्तादांचा मुलगा आता दुकान बघत होता. त्याने दोन्ही मीटर बाकावर ठेवले आणि अगदी सहज विचारलं, "कितीवर ठेवू?"

त्याचा प्रश्न मला समजलाच नाही. मग त्याने सांगितलं, गाडी विकायला काढणारे येतात तेव्हा आकडा ते सांगतात. आजारपणामुळे अण्णा तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून होते. ते तिथूनच म्हणाले, "जेवढी चालली तेवढ्यावर." मुलाने मान हलवली. जुन्या बोर्डावरून आठ पायांची एक चिप सोल्डर वितळवून अलगद उचलली, भंगारातल्या बोर्डावरची तशीच चिप काढली आणि आमची तिथे बसवली. दोन्ही बोर्ड एकाच जातीचे होते म्हणून हे जमलं. चावी फिरवली, नव्या काचेत २ लाख १३ हजार उमटले. मीटर बदलला, पण गाडीची आठवण गाडीतच राहिली. मोबाइलच्या चिमट्याने आणि स्थिर हाताने केलेलं हे काम मी पाहिलेल्या सगळ्या दुरुस्त्यांत सर्वांत सुंदर होतं.

अण्णांच्या त्या उत्तराची किंमत मला दोन वर्षांनी कळली. आम्ही एक जुनी पिकअप विकत घेतली. मीटरवर ६८ हजार. क्लचच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालेलं. घरी आणून बॉनेट नीट पुसलं तर आतल्या बाजूला ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर निघाला, त्यावर १ लाख ४२ हजार. त्या आकड्यावर जे भाग बदलायचे ते बदललेच नव्हते. आम्ही ६८ हजारांच्या हिशेबाने गाडी चालवली आणि तीन महिन्यांत फ्यूएल पंप उघडावा लागला. आकडा फिरवणं म्हणजे पुढच्या मालकाच्या खिशात हात घालणं, असं मी स्पष्ट म्हणतो.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११७ वा नियम वेगमापकाचा आहे. वेग दाखवताना दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं, असं तो सांगतो. तो बोलतो वेगाबद्दल. अमेरिकेने १९७२ साली ओडोमीटरसाठी, म्हणजे अंतर मोजणाऱ्या आकड्यासाठी, कायदा केला. तिथे मीटर बदलताना जुना आकडा नव्यावर आणता येत नसेल तर नवा शून्यावर ठेवायचा आणि डाव्या दरवाज्याच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवायची: आधीचा आकडा आणि बदलल्याची तारीख. बेल्जियममध्ये २००६ पासून गाडी वर्कशॉपमध्ये गेली की किलोमीटरची नोंद एका ठिकाणी जमा होते. अण्णांनी १९९९ साली सहीनिशी लिहिलेलं पान आणि ती चौकटीवरची चिठ्ठी, दोन्हींमागचा विचार एकच आहे.

पुढची गाडी बीएस-६ ची, २०२१ ची. तिच्या मीटरला आता क्लस्टर म्हणतात. इंजिन, ब्रेक, चावी, सगळे एका जोडवायरीवरून त्याच्याशी बोलतात. काही गाड्यांत चावीची ओळखही त्यातून जाते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा क्लस्टर बसवला तर इंजिन सुरूच होत नाही. गेल्या वर्षी समृद्धी महामार्गावर सावंगीच्या अलीकडे आमचा पडदा काळा झाला. मालवाहू गाडीला तिथे ८० ची मर्यादा आणि वेग कळायला साधन नाही. पुढच्या ट्रकच्या मागे राहून गाडी घरी आणली. वर्कशॉपमध्ये नवा क्लस्टर यायला नऊ दिवस लागले, बसवायला वीस मिनिटं आणि लॅपटॉप लावून आकडा भरायला तासभर. इथे चिमट्याचं काम उरलेलं नाही. उस्तादांच्या मुलाने आता अशा गाड्या घेणं बंद केलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. अर्थ आणि फ्यूज मात्र अजून आधी तोच बघून देतो, मग मी वर्कशॉपला जातो.

वर्कशॉपच्या बिलावर फक्त 'क्लस्टर बदलला' एवढंच होतं. मी काउंटरवर थांबून त्यावर काढलेल्या मीटरचा आकडा, बसवलेल्याचा आकडा आणि तारीख लिहून शिक्का घेतला. १९९९ च्या बिलावर गावाचं नाव औरंगाबाद आहे, या बिलावर छत्रपती संभाजीनगर. दोन्ही बिलं आरसी बुकाच्या पाकिटात शेजारी आहेत.

मीटर बदलून देणाऱ्या प्रत्येक गॅरेजवाल्याला आणि बदलून घेणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे. जुना मीटर काढण्याआधी चावी फिरवून त्याचा फोटो काढा. बिलावर दोन्ही आकडे आणि तारीख लिहा. आणि ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवा, गाडी विकाल तेव्हाही ती काढू नका.