अंगावर उठणारे पित्त आणि हिस्टामाइन : गैरसमज व वस्तुस्थिती

हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःच तयार करीत असलेले हिस्टामाइन त्वचा, नाक, श्वासनलिका व आतडे यांच्या ऊतींमधील मास्ट पेशींत साठवलेले असते आणि चेतवणारा पदार्थ या पेशींशी भिडला की ते मोकळे होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो व खाज सुटते. हे एकच रसायन अनेक आजारांत निरनिराळ्या रीतीने काम करते. म्हणून कोणता त्रास त्याचा आणि कोणता नव्हे, हे ओळखल्याशिवाय योग्य उपचार होत नाहीत.

गैरसमज : पोटात पित्त वाढले की अंगावर पित्त उठते.
वस्तुस्थिती : त्वचेवरच्या गांधी हिस्टामाइन एच-१ ग्राहींना, म्हणजे पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटल्याने उठतात, जठरातील आम्लाचा स्राव मात्र एच-२ ग्राहींमार्फत वाढतो, त्यामुळे आम्लपित्त हे गांधींचे कारण ठरत नाही. प्रत्येक गांध साधारणतः २४ तासांच्या आत डाग न ठेवता विरते आणि नवी दुसरीकडे उठते. आमसुलाचे पाणी लावल्यावर थंडाव्याने खाज काही वेळ शमू शकते, पण त्यावरून मूळ पोटात आहे असे सिद्ध होत नाही. सहा आठवड्यांहून अधिक चाललेल्या त्रासात तर बहुतेकदा बाहेरचे कोणतेच कारण सापडत नाही.

गैरसमज : गाजर गवताचा प्रत्येक त्रास हिस्टामाइनचाच असतो.
वस्तुस्थिती : भारतातील या तणाच्या फैलावाची ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली आणि तेथील कोथरूड भागातल्या मोकळ्या प्लॉटांवर व टेकड्यांच्या उतारांवर ते पावसाळ्यात आजही माजते. त्याच्या परागकणांमुळे काही मिनिटांत येणाऱ्या शिंका व वाहणारे नाक यांमागे हिस्टामाइन असते. परंतु पापण्या, मान व कोपरांच्या खोबणीत उठणारा इसब या गवतातील पार्थेनिन या द्रव्याविरुद्ध टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींनी, दिलेल्या प्रतिसादातून, बहुधा एक-दोन दिवसांनी, उद्भवतो. म्हणूनच अँटीहिस्टामाइन गोळीने तो बरा होत नाही, आणि त्याच्या निदानासाठी सुई टोचून करण्याच्या चाचणीऐवजी त्वचेवर पट्टी चिकटवून करण्याची चाचणी लागते.

गैरसमज : बांगडा खाऊन चेहरा लाल झाला, म्हणजे माशाची ॲलर्जी आहे.
वस्तुस्थिती : बांगडा, सुरमई, कुपा अशा माशांत हिस्टिडीन भरपूर असते आणि मासळी पुरेशा बर्फात न राहिल्यास जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात, जे शिजवल्याने वा तळल्याने नष्ट होत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोकेदुखी व मळमळ सुरू होते आणि एकाच ताटातले मासे खाल्लेल्या अनेकांना एकदम त्रास होतो. ही ॲलर्जी नसून विषबाधा असल्याने ताजा, नीट थंड ठेवलेला तोच मासा पुढे बाधतोच असे नाही.

गैरसमज : ॲलर्जीची गोळी घेतली की धोका टळला.
वस्तुस्थिती : गांधींसोबत घसा आवळणे, दम लागणे किंवा चक्कर येणे ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे साऱ्या शरीराला ग्रासणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीची, लक्षणे असू शकतात. त्यात हिस्टामाइनखेरीज इतरही रसायने सुटत असल्याने केवळ त्याला रोखणारी गोळी अपुरी पडते; पहिला उपचार मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच असतो, म्हणून गोळीच्या परिणामाची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.