बिल दवाखान्याचं, सिबिल कुणाचं?

नवापूरची हद्द ओलांडून पेशंट सुरतेला नेणं नंदुरबारकरांना नवं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी मोठं ऑपरेशन म्हटलं की कुणी धुळं गाठतं, कुणी नाशिक, कुणी सुरत. पेशंट घरी आला की मागोमाग दुसरी धास्ती येते: बिलाचे पैसे राहिलेत, आता सिबिल खराब होणार, ट्रॅक्टरला कर्ज मिळणार नाही.

या धास्तीचं मूळ बरंचसं मोबाइलवरच्या अमेरिकी सल्ल्यांत आहे. तिथे थकलेलं वैद्यकीय बिल वसुली कंपनीकडे जातं आणि पतअहवालात चढू शकतं. तिथल्या तीन मोठ्या पतमाहिती कंपन्यांनीसुद्धा 2023 मध्ये 500 डॉलरच्या आतली अशी बिलं अहवालातून काढून टाकली. आपल्याकडे तर मुळात तशी सोयच नाही. 2005 च्या पतमाहिती कंपनी कायद्यानुसार सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांना माहिती पुरवतात त्या कर्ज देणाऱ्या संस्था: बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले. दवाखाना कर्ज देत नाही. त्याच्या काउंटरवर राहिलेली बाकी तुमच्या सिबिलला दिसत नाही.

म्हणजे बिल बुडवलं तरी चालतं? नाही. ते देणंच आहे आणि दवाखाना दिवाणी दावा लावू शकतो. पण उधारी आणि कर्ज यांतला फरक इथे कळायला हवा, कारण घोटाळा नेमका तिथेच होतो.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर सांगतात, 'काळजी करू नका, हप्ते करून देतो.' शेजारच्या टेबलावरचा मुलगा आधार, पॅन, बँक पासबुक मागतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि म्हणतो, 'ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.' नातेवाइकांना वाटतं, दवाखान्यानेच हप्ते बांधून दिले. खरं तर त्या ओटीपीने एका फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर चढलेलं असतं. दवाखान्याचे पैसे त्याच दिवशी फिटले. तुमचं देणं आता कंपनीशी आहे आणि चुकलेला प्रत्येक हप्ता सिबिलला जाणार आहे. 'बिनव्याजी हप्ते' ही जाहिरातही जपून ऐकावी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बजावलंय. व्याज कुठल्या तरी शुल्कात दडलेलं असतं. सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते त्यात लिहिलेलं असतं आणि ते देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

त्यापेक्षा थेट दवाखान्याशी बोलणं बरं. अमुक रक्कम आज, बाकी दर महिन्याला इतकी, हे लेटरहेडवर लिहून घ्यायचं आणि प्रत्येक भरण्याची पावती जपायची. मात्र कोरा चेक देऊ नका. बिल थकणं हा गुन्हा नाही. पण देण्यापोटी दिलेला चेक परत गेला, नोटीस मिळाली आणि 15 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर चेक न वटण्याबद्दलचं, पराक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138 लागतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भीतीपोटी लोक नेमका असा चेक देऊन बसतात, कारण 'बिल भरल्याशिवाय पेशंट सोडणार नाही' असं कुणीतरी दटावलेलं असतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची रुग्णहक्क सनद सांगते की बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

'आधी बिल भरू, योजनेचं नंतर बघू' हा समज तर सगळ्यात महाग पडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. खिशातून भरलेले पैसे मागाहून मिळतील या आशेवर राहू नये. 2024 पासून रेशनकार्डाच्या रंगाची अट उरलेली नाही आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. यादीतल्या रुग्णालयात भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठायचं. सुरतेला नेताना एक लक्षात ठेवा: केंद्राच्या आयुष्मान यादीतल्या कुटुंबाला गुजरातच्या संलग्न रुग्णालयातही उपचार मिळतात, पण नुसत्या राज्य योजनेच्या भरवशावर हद्द ओलांडू नका. नाशिक-मुंबईची धर्मादाय रुग्णालयं हाही मार्ग आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालय आपणहून सांगेल ही आशा नको. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुढे करून विचारावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याकडे, दवाखान्याचा पैसा पुष्कळदा बायकांच्या मायक्रोफायनान्स गटातून उभा राहतो. गटाचं कर्ज सिबिलला दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. गटातल्या प्रत्येक बाईच्या नावावर त्याची नोंद असते. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, हाही. सावकाराचं कर्ज सिबिलला दिसत नाही, एवढ्यावरून ते सोपं ठरत नाही. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्केच व्याज घेता येतं. 'महिन्याला पाच रुपये शेकडा' म्हणजे वर्षाला 60 टक्के. त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येते.

हप्ता चुकणार असं दिसलं की तारखेच्या आधीच बँकेला लेखी कळवा. मुदत वाढवून मागणं थकण्यापेक्षा कधीही बरं. वसुलीवाला 'निम्मे भरा, विषय संपवू' म्हणतो तेव्हा पैशाचा विषय संपतो, पण अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचा बँकवाला तो वाचतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर ना-देय दाखला घ्या आणि महिन्याभराने अहवाल तपासा. चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. चुकीची नोंद दिसली तर तक्रार नोंदवा; 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.