नेपाळ की भूतान? पेन्शनरांचा हिशेब

निवृत्तीनंतर हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन राहायचे मनात असेल, तर वाशीम, कारंजा, रिसोडकडच्या पेन्शनरांनी आधी भूतानचा हिशेब मांडावा. तिथे भारतीय पर्यटकाला माणशी रात्रीचे 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क पडते. म्हणजे नवरा-बायकोचे महिन्याला 72 हजार, तेही खोलीभाडे आणि किराणा वेगळा. शाळामास्तराची पेन्शन इथेच संपते.

नेपाळचे तसे नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे तिथे राहताही येते. सीमेवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवले की झाले. आपल्या 100 रुपयांचे 160 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून बदललेला नाही. सुमारे 800 मीटर उंचीवरचे पोखरा म्हाताऱ्या गुडघ्यांना भूतानातल्या थिंफूच्या थंडीपेक्षा खूप सोसवेल. घर मात्र भाड्याचेच घ्यावे लागते, कारण परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही.

तिकडे राहिलात तरी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावाच लागतो. तो राहिला की पेन्शन अडकते. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी सीमेपलीकडे चालत नाहीत. निघण्याआधी विमा कंपनीकडून हे लेखी घ्या.