पानांतली शिल्पे दाखवणारा कार्ल ब्लॉसफेल्ट

१९२८ साली बर्लिनमध्ये ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेची आदिरूपे’, हे पुस्तक निघाले. त्यातल्या १२० चित्रांत पाने, कोंब, कळ्या, वेलींचे ताणे अशा वनस्पतींच्या भागांपलीकडे काही नव्हते. तरी पाहणारे थक्क झाले, कारण ती पाने ओतीव लोखंडाच्या नक्षीसारखी दिसत होती.

छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) तरुणपणी खरोखरच ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी करून आला होता. पुढे रोममध्ये मॉरिट्झ मॉयरर या कलाशिक्षकाच्या हाताखाली त्याने वनस्पतींचे नमुने जमवले आणि बर्लिनच्या कलाशाळेत सुमारे तीन दशके वनस्पतींवरून शिल्प घडवायला शिकवले. वर्गात आणलेले पान कोमेजते, त्याचे बारकावे विद्यार्थ्यांना दिसत नाहीत. म्हणून तो वर्गासाठी फोटो काढी.

कॅमेरा त्याने स्वतःच तयार केला होता. पानाच्या फार जवळ गेले की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम काही मिलिमीटरचा उरतो. तो वाढवायचा तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, आणि मग उजेड कमी पडतो. त्यामुळे एकेका काचेच्या प्लेटला बराच वेळ द्यावा लागे. वाऱ्याने पान हलू नये म्हणून काम घरात चाले. खिडकीतून येणारा मवाळ उजेड आणि मागे साधा पांढरा किंवा करडा पुठ्ठा, एवढीच त्याची मांडणी.

हंसराज या नेच्याच्या एका जातीचे त्याने घेतलेले चित्र पाहा. न उलगडलेली कोवळी पाने सरळ देठांवर उभी आहेत. प्रत्येक शेंडा आत आत वळत गेलेला आहे, पण एकही गुंडाळी दुसरीसारखी नाही. नजर देठावरून वर चढते आणि वळणात शिरते. याच कुळातला हंसराज पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर उगवतो, आणि त्याचीही कोवळी पाने अशीच उलगडतात.

वॉल्टर बेन्यामिन या समीक्षकाने १९२८ सालीच ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’चे स्वागत केले. त्याला या चित्रांत प्राचीन खांब आणि धर्मगुरूंचे दंड दिसले. आक्षेपालाही जागा आहे: ब्लॉसफेल्ट नमुने निवडून घेई, नको ती पाने छाटी. म्हणजे ही रानातल्या झाडाची जशीच्या तशी नोंद नव्हे. पण त्याने आकार नवा बनवला नाही. आकाराला झाकणारे तेवढे बाजूला केले.

पानाचा कुठलाही जवळून घेतलेला फोटो पारखताना हाच निकष धरावा. मागची गर्दी पानावर मात करते का? सर्वांत स्पष्ट भाग सर्वांत महत्त्वाचाही आहे का? आणि शिरांची जाळी, कडेचे दाते, देठाचा जोड यांतले पूर्वी न दिसलेले निदान एक तरी काही तो दाखवतो का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर रंग कितीही मोहक असोत, फोटो अजून अपुराच आहे.