वाट आधी पाण्याची, मग माणसांची

पावसाळ्यात खांडसहून भीमाशंकरला चढून गेला असाल, तर हे दृश्य ओळखीचं वाटेल. वाटेतून ओढ्यासारखं पाणी वाहतंय, झाडांची मुळं उघडी पडलीत आणि बूट भिजू नयेत म्हणून जो तो कडेच्या गवतातून चालतोय. पुढच्या वर्षी त्या कडेचीही वाट होते. मग कुणीतरी म्हणतं, "नवी वाटच काढूया की!"

काढता येते. अर्थात अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. पण कोयता घेऊन झुडपं तोडली की वाट झाली, असं नसतं. वाट बिघडते ती पायांमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त. पाय माती दाबतात, गवत मारतात. मोकळी झालेली माती वाहून नेतं ते पाणीच.

म्हणून पहिला प्रश्न: पाणी कुठून जाणार? उतारावरून सरळ खाली येणारी वाट म्हणजे पाण्याला आयती मिळालेली नाली. त्याऐवजी वाट डोंगराला आडवी, हळूहळू चढत न्यायची. इथे एक सोपा नियम वापरतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे उतार ३० टक्के (१०० फूट आडव्या अंतरात ३० फूट उंची) असेल, तर वाट १५ टक्क्यांच्या आत. शिवाय पूर्ण वाटेची सरासरी साधारण १० टक्क्यांच्या आसपास ठेवायची.

दुसरं, वाटेची दरीकडची कड किंचित खाली ठेवायची. तीन फूट रुंद वाटेला जवळपास दोन इंच पुरतात. चालताना ते जाणवतही नाही, पण पाणी वाटेवरून लांबवर धावण्याऐवजी आडवं ओलांडून निघून जातं. त्यातूनही वाटेवर राहिलेल्या पाण्यासाठी उतरत्या वाटेला मध्ये मध्ये छोटासा उलटा चढ द्यायचा. तिथे पाण्याला बाहेर पडावंच लागतं.

आता झाडांचं. भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झालं आणि त्याची ओळख म्हणजे शेकरू. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. त्यामुळे खाली वाट असली तरी वर फांद्या जुळलेल्या राहायला हव्यात. रुंद, उघडी वाट म्हणजे तिच्या रस्त्यात पाडलेलं भगदाड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्याला उलटं वाटतं. गर्दी चार वाटांवर विभागली तर जंगलाचा त्रास कमी होईल ना? बहुतेकदा नाही! झाडोऱ्याचं बरंचसं नुकसान सुरुवातीच्या थोड्या पावलांतच होतं. त्यानंतर त्याच जागेवरून आणखी शंभर जण गेले, तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे चार वाटा म्हणजे जवळपास चौपट जखम.

म्हणूनच नवी वाट काढण्याचं अर्धं काम म्हणजे जुनी बंद करणं. दाबलेली माती मोकळी करायची, पाणी अडवायला दगड आडवे लावायचे, वाळक्या फांद्या पसरून वाट दिसेनाशी करायची. हे राहिलं, तर आपण वाट सुधारली नाही, फक्त एक वाढवली.

तुम्ही काय करू शकता? पुढच्या ट्रेकला चिखल दिसला, की कडेला न जाता मधूनच चाला. बूट काय, घरी जाऊन धुता येतात.