माजी सैनिकाच्या घरातील जागी रात्र

दिवाळीत मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या गृहसंकुलात सुतळी बॉम्ब वाजतो, मुले टाळ्या पिटतात आणि फाटकावरचा पहारेकरी मात्र क्षणभर भिंतीला पाठ लावून उभा राहतो. तो माजी सैनिक असण्याचा संभव आपण समजतो त्याहून अधिक आहे. जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे अनेक जण मग संसारासाठी मुंबईची उपनगरे गाठतात आणि बँका, कार्यालये, इमारती यांच्या दारांशी पुन्हा पहाऱ्यावर उभे राहतात. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, अशी कामे मिळवून देते.

वाचकहो, असा माणूस कदाचित आपला पती, वडील किंवा दीर असेल. युद्ध वा चकमक पाहिलेला प्रत्येक सैनिक आजारी पडतो असे मुळीच नाही, बहुसंख्य सावरतात. परंतु काहींच्या मनात तो प्रसंग संपतच नाही. तोच देखावा स्वप्नात येतो, जरा आवाज झाला की अंग ताठ होते, गर्दी आणि काही ठिकाणे टाळली जातात, मन जवळच्यांपासूनही तुटते. हे महिनाभराहून अधिक टिकले आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागले, तर वैद्यक त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, 1980 मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला आपल्या यादीत स्थान दिले.

आपल्याकडे तो या नावाने घरात शिरत नाही. ‘छातीत धडधडते’, ‘डोके जड होते’, ‘पोटात आग पडते’, एवढेच ऐकू येते. मग आम्लपित्ताच्या गोळ्या होतात, रक्तदाब मोजला जातो, हृदयाचा आलेख काढला जातो. या तपासण्या आवश्यकच आहेत. पण त्या निर्दोष आल्यावर विषय तिथेच मिटतो. घरातले म्हणतात, ‘फौजेतले ना, रागीट असायचेच.’ आणि त्यांची पत्नी पोरांना हळू बोलायला शिकवते.

उपचार सुरू झाला तरी भाषेची अडचण उरतेच. रात्रीच्या पहाऱ्यावर वर्षानुवर्षे ‘सब ठीक है, साब’ असा अहवाल दिलेल्या माणसाला अनोळखी समुपदेशकाने ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, तर उत्तर तेच येणार. जाणता उपचारक म्हणून झोपेपासून आरंभ करतो: किती वाजता जाग येते, जाग आल्यावर काय करता, दार किती वेळा तपासता? पलटणीचे नाव विचारतो, हुद्दा विचारतो. घरची बोली मराठी असली तरी फौजेतल्या कित्येक आठवणी हिंदीत साठलेल्या असतात. त्या हिंदीतच सांगू देतो. आणि रुग्णाची संमती असेल तर पत्नीलाही बोलावतो, कारण रात्रीचा खरा वृत्तान्त बहुधा तिच्याकडेच असतो.

सर्वांत कठीण गाठ असते ती ‘तो गेला, मी उरलो’ या अपराधभावाची. इथे आपल्या परंपरेत एक मोठा आधार आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही असे माझे मत आहे. सैनिकाला गीता सर्वजण सांगतात. ती युद्धापूर्वीची आहे. युद्धानंतरचे ते शांतिपर्व. विजयी युधिष्ठिराला राज्य नकोसे होते. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यावर तो शोकाने खचतो आणि वनात जायची भाषा करतो. त्याला कोणी भ्याड ठरवून सोडून देत नाही. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण आणि शेवटी शरशय्येवरचे भीष्म, एवढे सगळे त्याच्याशी बोलत राहतात. ज्या घरात महाभारत ठाऊक आहे, तिथे ही कथा एखाद्या वैद्यकीय संज्ञेपेक्षा लवकर पोहोचू शकते.

भजन, वारी, जुन्या सोबत्यांची बैठक यांनी मनाला आधार मिळतो. त्या चालू राहाव्यात. मात्र ‘बाहेरचे लागले आहे’ म्हणून बुवाकडे नेणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणे. कॅन्टीनच्या रमचेही तसेच. दोन पेल्यांनी डोळा लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप अधिकच मोडते आणि हळूहळू पेले वाढतात.

परिणामकारक ठरलेले उपचार आहेत. आघातावर केंद्रित मानसोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत, या दोहोंची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये केली. पहिल्या प्रकारातील एका प्रमुख पद्धतीत साधारण 8 ते 15 बैठका लागतात. सर्ट्रालाइनसारखी औषधे मनोविकारतज्ज्ञ देऊ शकतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत ती बंद करू नयेत.

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आणि त्यांच्या आश्रितांसाठी 2003 पासून ईसीएचएस योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून पुढील रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. कुलाब्याचे नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय बोरिवलीहून दूर आहे, आणि गर्दीने जीव घाबरा होणाऱ्याला सकाळची लोकल हीच एक परीक्षा. तेव्हा दुपारची वेळ मागून घ्यावी, सोबत कुणी जावे. घरबसल्या बोलायचे असल्यास टेलिमानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

घरी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. दचकून ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नये. थोडे दूर, पायथ्याशी उभे राहून नावाने हाक मारावी, दिवा लावावा. फटाके किंवा विसर्जनाची मिरवणूक केव्हा आहे, हे आधी सांगावे. ‘तिथे काय झाले?’ असा आग्रह धरू नये.

बंदुकीचा विषय मात्र टाळू नका. सशस्त्र पहारेकऱ्याची नोकरी जाईल या भीतीने अनेक जण आजार लपवतात, आणि परवान्याचे शस्त्र कधी घरातच असते. निराशेची, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा कानावर आली तर आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि शस्त्र परवानाधारी विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा कसे करता येईल, याची विचारणा करा.